खुंटाची परीक्षा

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. वैनगंगेच्या या खोऱ्यात वर्षाकाठी सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव तो अडवून धरतात. पावसाळ्यात साकोली, लाखांदूर, पवनी या भागांत नजर जाईल तिकडे धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या दिसतात. अशा प्रदेशात झाडांच्या तहानेचा विचार करण्याचे कारण काय, असे कोणासही वाटेल.

परंतु हा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. धान कापून खळ्यावर गेले की त्याचे काम संपले. पुढचा उन्हाळा त्याला पाहावा लागत नाही. आंबा, संत्रा, पेरू, बोर यांचे तसे नाही. त्यांना जागचे हलता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, विहिरी तळ गाठतात, जमिनीला भेगा पडतात. आणि ही झाडे तेथेच उभी राहून पावसाची वाट पाहतात. एखाद्या वर्षी पावसाने दडी मारली, की त्यांची खरी परीक्षा सुरू होते. एकाच शिवारात, एकाच वयाची दोन झाडे असतात. एक तग धरते आणि मृगाच्या सरी येताच पुन्हा पालवते; दुसरे शेंड्याकडून वाळत जाते. दोघांची पाने सारखी, फळे सारखी, नावही एकच. मग हा भेद कोठून आला?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा जमिनीखाली असते. ते समजण्यासाठी कलमी झाड म्हणजे काय, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

कलमी झाड म्हणजे एका देहात नांदणारी दोन झाडे होत. भंडाऱ्याच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील आणि पलीकडच्या अमरावती जिल्ह्यातील संत्र्याच्या बागा प्रसिद्ध आहेत. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्या बागेतील झाडाखाली उकरून पाहिले, तर तेथे संत्र्याचे एकही मूळ सापडणार नाही! तेथे बहुधा जंबेरी नावाच्या लिंबाची मुळे असतात. मुळांचा भार वाहणाऱ्या या खालच्या झाडाला 'खुंट' म्हणतात, आणि वर जोडलेल्या फळझाडाला 'कलम'.

अमरावती जिल्ह्यातील शेंदुरजना घाट हे गाव संत्र्याच्या पन्हेऱ्यांसाठी, म्हणजे रोपवाटिकांसाठी, नावाजलेले आहे. अशा पन्हेरीत प्रथम जंबेरीचे ताजे बी पेरतात. रोपाची खोडे पेन्सिलीएवढी जाड झाली, की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची चीर देतात. निवडक संत्र्याच्या फांदीवरून एक डोळा सालीसकट अलगद काढून त्या चिरेत बसवितात व पट्टीने बांधतात. सालीखाली एक कोवळा, सतत वाढणारा थर असतो. खुंटाचा आणि डोळ्याचा हा थर एकमेकांस मिळाला, म्हणजे सांधा जुळतो. मग जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. त्या दिवसापासून वरचे प्रत्येक पान संत्र्याचे आणि खालचे प्रत्येक मूळ जंबेरीचे. दोघे आयुष्यभर एकत्र राहतात, परंतु एकमेकांत विरघळून जात नाहीत.

या संसारात कामाची वाटणी ठरलेली आहे. पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करून मुळांना पाठवितात. मुळे जमिनीतील पाणी व क्षार शोषून पानांना पोहोचवितात. पानांवर अतिशय सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू याच दारांतून आत येतो. परंतु दार उघडे असले की आतील पाण्याची वाफ बाहेर निसटते. मुळांनी वर चढविलेल्या पाण्याचा फार मोठा भाग असा हवेत निघून जातो. म्हणून उन्हाळ्यात झाडापुढे एक अवघड पेच उभा राहतो. दारे उघडी ठेवावीत तर तहानेने मरण. दारे मिटावीत तर उपासमार! दारे केव्हा मिटायची आणि किती मिटायची, यावर झाडाचा जीव अवलंबून असतो.

जमीन कोरडी होत चालली आहे हे पानांना कळते तरी कसे? पूर्वी असे समजत की, पाण्याचा पुरवठा तुटला आणि पान मलूल झाले, म्हणजेच ते दारे मिटते. परंतु शास्त्रज्ञांनी केलेल्या एका सुंदर प्रयोगाने निराळीच गोष्ट पुढे आली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी सफरचंदाची लहान झाडे घेतली आणि प्रत्येकाची मुळे दोन भागांत विभागून दोन वेगळ्या कुंड्यांत ठेवली. एका कुंडीला पाणी देत राहिले. दुसरी कोरडी होऊ दिली. ओल्या कुंडीतून झाडाला पाणी मिळत होते. तरीही नव्या पानांची वाढ मंदावली. मग शास्त्रज्ञांनी कोरड्या कुंडीतील मुळे कापून टाकली. आणि काय आश्चर्य! पाण्यात थेंबाचीही भर पडली नव्हती, उलट झाडाची मुळे कमी झाली होती. तरी पानांची वाढ पुन्हा सुरू झाली. याचा अर्थ उघड होता. वाढ थांबली होती ती केवळ तहानेमुळे नव्हे, तर कोरड्या मुळांनी वर धाडलेल्या निरोपामुळे. मुळे गेली, निरोप थांबला, आणि झाड पुन्हा वाढू लागले.

हा निरोप नेणाऱ्या द्रव्यांपैकी एक महत्त्वाचे द्रव्य म्हणजे अ‍ॅब्सिसिक आम्ल. माती सुकू लागली की मुळांत त्याचे प्रमाण वाढते, ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जाते आणि पर्णरंध्रे मिटण्याचा इशारा देते. हे द्रव्य पानांतही तयार होते, असे संशोधनात आढळले आहे. म्हणजे पान केवळ मुळांच्या सांगण्यावर चालते असे नाही. मुळांचा निरोप आणि पानांची स्वतःची जाणीव या दोहोंच्या मेळाने झाड आपला खर्च आवरते. परिस्थिती पाहून हात आखडता घेणाऱ्या शहाण्या गृहस्थासारखेच त्याचे हे वागणे नव्हे काय?

आता खुंटाचे महत्त्व सहज ध्यानात येईल. कलम एकच असले तरी खुंट बदलला, की तीन गोष्टी बदलतात. पहिली, मुळांची धाव. काही खुंटांची मुळे खोल व दूरवर जातात, काहींची वरच्या थरातच गुंतून राहतात. वरची माती आधी सुकते. म्हणून उथळ मुळांचे झाड आधी तहानते. दुसरी, निरोपाची वेळ. काही खुंट टंचाईची चाहूल लागताच पानांना सावध करतात, तर काही अखेरपर्यंत उधळपट्टी चालू देतात. तिसरी, मुळांची चिकाटी. काही खुंट आपल्या पेशींत शर्करा व क्षार साठवून कोरड्या मातीतूनही ओलावा ओढू शकतात, आणि पाऊस येताच त्यांना नवी तंतुमुळे चटकन फुटतात.

लिंबूवर्गीय झाडांच्या खुंटांत हे भेद स्पष्ट दिसतात. जंबेरीची मुळे जोमदार. हलक्या जमिनीत ती दूरवर पसरतात आणि झाड झपाट्याने वाढविते. मात्र भारी काळ्या जमिनीत पाणी साचले, तर ही मुळे कुजण्याचा धोका असतो. 'तिपानी नारिंग' म्हणता येईल असा एक चिनी खुंट आहे. त्याच्या प्रत्येक पानाला तीन पर्णिका असतात. तो कडाक्याची थंडी सोसतो, पण तहान सोसत नाही. याउलट रंगपूर लिंबाचा खुंट. हे फळ दिसायला संत्र्यासारखे, चवीला आंबट. त्याचे नाव आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरवरून पडले. पाण्याचा ताण सोसण्यात हा खुंट अग्रगण्य मानला जातो, आणि महाराष्ट्रात संत्रा व मोसंबी या दोहोंसाठी त्याची शिफारस केली जाते.

या रंगपूर लिंबाची कीर्ती सातासमुद्रांपलीकडे गेली, ती हकिकत ऐकण्यासारखी आहे. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात पूर्वी मोसंबीच्या जातीची झाडे आंबट नारिंगाच्या खुंटावर लावीत. १९३७ च्या सुमारास तेथे 'त्रिस्तेझा' नावाचा विषाणुरोग आढळला. त्रिस्तेझा म्हणजे उदासी. मावा किडीने हा रोग पसरविला आणि लाखो झाडे माना टाकून मेली. रंगपूर लिंबाच्या खुंटावरील झाडे मात्र टिकली. शिवाय त्यांना ओलिताचीही फारशी गरज भासेना. तेव्हा तेथील बागाईतदारांनी हाच खुंट जवळजवळ सर्वत्र लावला. पुढे अनेक वर्षे सुखात गेली. आणि १९९९ च्या सुमारास एक नवाच रोग उद्भवला. रंगपूर लिंबाच्या खुंटावरील हिरवीगार झाडे थोड्याच दिवसांत वाळू लागली. लोकांनी त्या रोगास 'आकस्मिक मृत्यू' असेच नाव दिले. तेव्हा काहींनी जुन्या झाडांच्या बुंध्याशी दुसऱ्या जातीची रोपे लावून ती खोडाला जोडली, म्हणजे उभ्या झाडांना नवे पायच दिले! नव्या बागांसाठी दुसरे खुंट आले. ते रोगाला दाद देत नव्हते, पण तहान सोसण्यात रंगपूर लिंबाची सर त्यांना नव्हती. म्हणून ओलिताची सोय करावी लागली. सर्वगुणसंपन्न असा खुंट नसतो, आणि सगळ्या बागा एकाच खुंटावर उभ्या करण्यात धोका असतो, हे दोन धडे जगाला यातून मिळाले.

आपल्या महाराष्ट्रातही असाच एक पालट झाला. सांगली, सोलापूर, नाशिक या भागांत द्राक्षाच्या वेली पूर्वी बहुधा त्यांच्या स्वतःच्या मुळांवर वाढवीत. फांदी लावली की वेल तयार होई. पण पाणी अपुरे पडू लागले आणि जे होते ते खारट होऊ लागले, तेव्हा वेली खंगू लागल्या. १९९० नंतरच्या काळात बागाईतदार 'डॉगरिज' या खुंटाकडे वळले. अमेरिकेतील टेक्सास या उष्ण प्रदेशातील रानटी द्राक्षवेलीचा हा वंशज. त्याची स्वतःची फळे बाजारात मोलाची नाहीत. परंतु त्याच्या मुळांनी खाणाऱ्यांच्या परिचयाच्या गोड द्राक्षांना जगविले. आधी शेतात खुंट लावावा, तो जोमाने वाढू द्यावा आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर कलम करावे, ही रीत त्या भागात रूढ झाली.

येथे एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. झाडाला पाण्याचा ताण पडणे हे संकट खरे. पण विदर्भातील संत्राबागाईतदार हाच ताण झाडाला मुद्दाम देतो! आंबिया बहार धरावयाचा असेल तर थंडीत, आणि मृग बहार धरावयाचा असेल तर उन्हाळ्यात, तो बागेचे पाणी तोडतो. पाने निस्तेज होतात, काही गळतात, वाढ थांबते. मग पाणी मिळताच झाड फुलांनी बहरून येते. हलक्या जमिनीत हा ताण थोड्या दिवसांत बसतो. भारी जमिनीत अधिक दिवस लागतात. मुळे जितकी खोल, तितका तो उशिरा जाणवतो. ताण किती द्यावा हे ओळखणे हे मोठे कसब आहे. थोडा पडला तर फुले येत नाहीत; जास्त झाला तर झाडच हातचे जाते. म्हणूनच आपल्या झाडाखालचा खुंट कोणता, हे बागाईतदाराला माहीत असावे लागते.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. खुंट पाण्याची काटकसर करू शकतो. पाणी निर्माण करू शकत नाही. २०१२-१३ सालच्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. कित्येक शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे जड अंतःकरणाने तोडली. विहिरीत पाणीच उरले नाही, तर कोणता खुंट काय करणार? चांगला खुंट झाडाला काही आठवड्यांची मुदत मिळवून देतो. त्या मुदतीत टँकरचे थोडे पाणी, आळ्यात पसरलेला पालापाचोळा किंवा वळवाची एखादी सर आली तर झाड वाचते. दुष्काळात जगणे आणि मरणे यांतील अंतर पुष्कळदा एवढेच असते.

भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला जमिनीचे भेद शिकवावे लागत नाहीत. कन्हार, मोरंड, सिहार, बर्डी अशी मातीची नावे त्याच्या तोंडी असतात. कन्हार काळी व ओल धरणारी. बर्डी मुरमाड, पाणी पडताच निथळून जाणारी. कोणत्या मातीत कोणते धान लावावे हे तो जाणतो. फळझाडांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. पाणी साचणाऱ्या जमिनीत मुळे न कुजणारा खुंट पाहिजे. बर्डीत खोल जाणारा पाहिजे.

खोल मुळे मिळविण्याची एक साधी युक्ती आहे. धुऱ्यावर आंबा लावावयाचा असेल तर कोय तेथेच, कायमच्या जागी रुजू द्यावी आणि रोप वाढल्यावर त्यावर हव्या त्या जातीचे कलम बांधावे. पिशवीतील रोपाचे सोटमूळ तळाशी वळते अथवा लावताना तुटते. जागेवर रुजलेल्या कोयीचे सोटमूळ सरळ पाताळाचा ठाव घेते. रानबोरीचेही तसेच. माळावरची काटेरी बोर उन्हाळ्यात पाने झाडून टाकते, पण मरत नाही. ती बुडाजवळ छाटून नव्या फुटव्यावर 'उमराण'सारख्या चांगल्या जातीचा डोळा भरला, की त्याच रानटी मुळांवर मोठी, गोड बोरे लागतात.

मुलांनो, कलम विकत घेणारा माणूस पाने पाहतो, खोड पाहतो. खुंट त्याच्या दृष्टीस पडत नाही. संत्र्याच्या झाडाला चांगली फळे धरण्यास पाच-सहा वर्षे लागतात. खुंट चुकीचा असला तरी तोपर्यंत काही कळत नाही. कळते ते पहिल्या कडक दुष्काळात, आणि तेव्हा खुंट बदलण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. एका कुटुंबाची पाच-सहा वर्षांची मेहनत अशी पन्हेरीतील एका रोपाच्या निवडीवर अवलंबून असते. म्हणून कलम घेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: खुंट कोणत्या जातीचा आहे? डोळा कोणत्या झाडावरून घेतला? सांधा जमिनीपासून पुरेसा उंच आहे काय? आणि पन्हेरीवाल्यानेही या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत. त्याचा सचोटीचा शब्द त्या झाडाच्या मुळाशी असतो.

फळांची वाखाणणी सगळेच करतात. दुष्काळात झाडाला उभे ठेवणारा खुंट मात्र स्वतः कधी फुलत नाही, फळत नाही, आणि त्याचे नावही कोणी घेत नाही. पुढच्या वेळी संत्र्याची फोड तोंडात टाकाल, तेव्हा मातीच्या अंधारात ओलावा शोधणाऱ्या त्या मुळांची आठवण अवश्य ठेवा.

शब्दार्थ

खुंट – कलमी झाडाचा मुळांसह असलेला खालचा भाग
पन्हेरी – रोपे व कलमे तयार करण्याची जागा, रोपवाटिका
डोळा – ज्यातून नवी फांदी फुटते तो अंकुर
पर्णरंध्रे – पानांवरील सूक्ष्म छिद्रे
सोटमूळ – सरळ खाली जाणारे मुख्य मूळ
ताण – येथे अर्थ : पाण्याची टंचाई
धुरा – शेताचा बांध
सचोटी – प्रामाणिकपणा

स्वाध्याय

१. भंडारा जिल्ह्यात पाऊस पुष्कळ पडत असूनही फळझाडांना तहान का सोसावी लागते?
२. 'कलमी झाड म्हणजे एका देहात नांदणारी दोन झाडे' हे विधान संत्र्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. सफरचंदाच्या झाडांवरील प्रयोगात कोरडी मुळे कापल्यावर काय घडले? त्यावरून कोणता निष्कर्ष निघाला?
४. ब्राझीलमधील हकिकतीवरून कोणते दोन धडे मिळतात?
५. 'चांगला खुंट झाडाला काही आठवड्यांची मुदत मिळवून देतो.' या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
६. पुढील वाक्प्रचार वाक्यांत योजा : तग धरणे, हात आखडता घेणे, ठाव घेणे, दडी मारणे.

उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या कलमी आंब्याचा किंवा संत्र्याचा सांधा शोधा. सांध्याच्या वरची व खालची साल सारखी आहे की निराळी, ते पाहा. झाड कोणत्या मातीत आहे व त्याचा खुंट कोणता, हे मालकांना विचारून वहीत नोंद करा.